विश्लेषण : भाड्याच्या घरातले वॉशिंग मशीन बंद पडले, तर खर्च कोणाचा?

भाड्याने दिलेल्या घरात शेगडी आणि फ्रिज चालू स्थितीत असलाच पाहिजे, असा कायदा अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने केला असून तो १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला आहे. वॉशिंग मशीनचा त्यात समावेश नाही. महाराष्ट्रातील भाडे नियंत्रण कायदा तर यातल्या कोणत्याच वस्तूचे नाव घेत नाही. तरीही पुणे-मुंबईत घर सोडताना डिपॉझिटमधून जे पैसे कापले जातात, त्यात रंगकामाखालोखाल वॉशिंग मशीन, गिझर आणि एसीचेच विषय निघतात. घरात मशीन असावे की नसावे, हा प्रश्न ब्रोकर पहिल्याच दिवशी सोडवून टाकतो. ते बंद पडल्यावर बिल कोणी भरायचे, हे मात्र बहुतेक करारांत लिहिलेलेच नसते.

कॅलिफोर्नियाने नेमके काय केले?

लॉस एंजेलिस आणि आसपासच्या भागात फ्रिजशिवाय घर भाड्याने देण्याची जुनी पद्धत आहे. भाडेकरूने जुना फ्रिज विकत घ्यायचा, जिने चढवायचा आणि घर सोडताना पुन्हा विकायचा. ‘असेंब्ली बिल ६२८’ या विधेयकाने हे बदलले. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यावर स्वाक्षरी केली. १ जानेवारी २०२६ नंतर झालेल्या, बदललेल्या किंवा वाढवलेल्या भाडेकरारांना तो लागू होतो. गळके नसलेले छत, गरम पाणी, घर उबदार ठेवण्याची सोय या राहण्यायोग्यतेच्या जुन्या यादीतच आता शेगडी आणि फ्रिज जाऊन बसले आहेत.

या कायद्यात दोन बारकावे आहेत. एक, वस्तू नुसती देऊन मालकाची सुटका होत नाही, ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारीही त्याचीच. कंपनीने सुरक्षेच्या कारणावरून एखादे मॉडेल परत मागवले, तर मालकाने ३० दिवसांत ते दुरुस्त करून किंवा बदलून द्यायचे. दोन, भाडेकरूला स्वतःचा फ्रिज आणायचा असेल तर तसे करारात लिहून तो आणू शकतो. मात्र ‘स्वतःचा फ्रिज आणलास तरच घर देईन’ अशी अट मालकाला घालता येत नाही. स्वतःचा आणलेला फ्रिज बिघडला तर खर्च भाडेकरूचा. म्हणजे वस्तू ज्याची, दुरुस्ती त्याची.

शिवाय मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करून घ्यावी आणि एका महिन्याच्या भाड्यापर्यंतचा खर्च भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद तिथे आधीपासून आहे. बे एरियात भाड्याने राहणाऱ्या मराठी कुटुंबांना यंदा करार वाढवताना या कलमांचा थेट उपयोग होईल. कपडे धुण्याची सोय मात्र तिथेही बाजारावरच सोडलेली आहे. घरात मशीन असेल तर भाडे जास्त, नाहीतर इमारतीच्या तळघरातली सामाईक मशीन किंवा कोपऱ्यावरची लाँड्री.

महाराष्ट्रात कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे घर भाड्याने देण्याचे बहुतेक व्यवहार ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीने, ११ महिन्यांच्या मुदतीने होतात. त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू होतो. या कायद्याच्या कलम २९ नुसार पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, स्वच्छता यांसारख्या आवश्यक सेवा मालकाला तोडता येत नाहीत. कलम १४ मध्ये घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. मालकाने टाळाटाळ केली तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने दुरुस्ती करायची आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतची रक्कम वळती करायची, अशी सोयही आहे. कॅलिफोर्नियासारखीच वाटते. पण ती आहे वास्तूच्या डागडुजीसाठी आणि कायद्याच्या भाषेतल्या ‘भाडेकरू’साठी. ११ महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस बोलीभाषेत भाडेकरू असला, तरी कायद्याच्या लेखी तो परवानाधारक असतो. त्याच्या वॉशिंग मशीनपर्यंत हे कलम पोहोचत नाही.

मग उरतो तो करार. इथे याच कायद्यातली दोन कलमे फार महत्त्वाची आहेत आणि बहुतेकांना ती ठाऊक नसतात.

कलम २४ सांगते की, लेखी परवाना करारात जे नमूद आहे, तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानला जाईल. ‘वॉशिंग मशीन – १, चालू स्थितीत’ एवढेच लिहून तुम्ही सही केली असेल आणि प्रत्यक्षात ते पहिल्या दिवसापासून पाणी गळत असेल, तर नंतर ‘ते आधीपासूनच तसे होते’ हे पटवणे जवळपास अशक्य होते. कलम ५५ याच्या दुसऱ्या टोकाला आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘नोटरी करून घेऊ, उगाच खर्च कशाला’ असे मालक म्हणत असेल, तर तो स्वतःचीच बाजू लंगडी करत असतो.

आणि खर्च तरी किती? महिना २५ हजार रुपये भाडे, ७५ हजार रुपये डिपॉझिट आणि ११ महिन्यांचा करार धरला, तर एकूण भाडे २ लाख ७५ हजार. डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के दराने गृहीत व्याज ६,८७५. या बेरजेवर ०.२५ टक्के, म्हणजे साधारण ७०५ रुपये मुद्रांक शुल्क. महापालिका क्षेत्रात नोंदणी शुल्क १,००० रुपये. वर एजंटची फी आणि किरकोळ आकार. वॉशिंग मशीनचे सर्किट बोर्ड बदलायला बहुधा याहून जास्त पैसे पडतात.

केंद्राच्या आदर्श कायद्यात काय आहे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. त्याच्या परिशिष्टात दुरुस्त्यांची वाटणी केलेली आहे. भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग, नळाचे पाइप बदलणे, अंतर्गत-बाह्य वायरिंग हे मालकाकडे. नळाचे वायसर, तुंबलेली मोरी, स्विच-सॉकेट, गिझरची दुरुस्ती आणि मोठे वायरिंग सोडून विजेच्या उपकरणांची दुरुस्ती किंवा बदल हे भाडेकरूकडे. दोघांनी वेगळे काही ठरवले नसेल तर ही वाटणी लागू होते.

म्हणजे कॅलिफोर्नियाच्या बरोबर उलटे! मालकाचा दहा वर्षांचा गिझर, तुम्ही राहायला आलात तिसऱ्या महिन्यात त्याची टाकी फुटली, तर आदर्श कायद्याच्या शब्दांनुसार दुरुस्ती तुमची. निवासी घरांसाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते मर्यादित ठेवणारा हाच मसुदा भाडेकरूच्या हिताचा म्हणून गाजला होता, हे इथे लक्षात ठेवायला हवे. अर्थात हा नुसता नमुना आहे. उत्तर प्रदेश आणि आसाम यांनी २०२१ मध्ये त्या धर्तीवर कायदे केले. महाराष्ट्राचा कारभार १९९९ च्या कायद्यावर चालतो. समाजमाध्यमांवर ‘देशभर नवे भाडे नियम लागू’ म्हणून अधूनमधून फिरणाऱ्या मजकुरात हा आदर्श मसुदाच लागू झालेला कायदा म्हणून दाखवलेला असतो.

‘सेमी फर्निश्ड’ म्हणजे काय?

काहीही. या शब्दाची कायद्यात व्याख्या नाही. पुण्यातल्या ब्रोकरच्या भाषेत पंखे, ट्यूबलाइट, गिझर, किचन ट्रॉली आणि कपाट असले की घर सेमी फर्निश्ड. फ्रिज, वॉशिंग मशीन, पलंग, सोफा आणि टीव्ही आला की फुल्ली फर्निश्ड. एसी दोन्हीकडे असू शकतो, नसूही शकतो. मोबाइलवरच्या जाहिरातीत वॉशिंग मशीनचे चिन्ह दिसते, तेव्हा त्याचा अर्थ कधी मशीन आहे असा असतो, तर कधी ड्राय बाल्कनीत फक्त नळ, ड्रेन आणि प्लग आहे असा. घर बघायला जाताना हे विचारायला हवे आणि प्लग १६ अँपिअरचा आहे का, त्याला अर्थिंग आहे का, तेही बघायला हवे. पाणी तापवणारे मशीन आणि गिझर प्रत्येकी साधारण २,००० वॉट खेचतात. ओल्या जागेत अर्थिंग नसलेल्या प्लगला एक्स्टेन्शन बोर्ड लावून मशीन चालवणे जिवावर बेतू शकते. घराचे वायरिंग मालकाचे असते, त्यामुळे ही दुरुस्ती राहायला येण्याआधी हक्काने मागावी.

शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक. ऑटोमॅटिक मशीनला पाणी भरून घेण्यासाठी किमान दाब लागतो. मॉडेलनुसार तो साधारण ०.३ ते १ बार असतो. पाण्याच्या टाकीपासून नळापर्यंतच्या प्रत्येक १० मीटर उंचीला अंदाजे १ बार दाब मिळतो. टाकी डोक्यावर तीन मीटरवर असेल तर मिळणार जेमतेम ०.३ बार. मग मशीन पाणी भरत बसते, ‘एरर’ दाखवते आणि मालक म्हणतो तुम्हाला वापरता येत नाही.

झीज की नुकसान?

वादाची खरी जागा ही आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या छापील मसुद्यात, नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून बाकी नुकसान परवानाधारक भरून देईल, अशा अर्थाचे वाक्य असते. भिंतीवर खिळा ठोकला तर ते नुकसान, रंग फिका पडला तर ती झीज. इथवर सगळ्यांना कळते. मशीनच्या बाबतीत मात्र बिघाड डोळ्यांना दिसत नाही, आणि दुरुस्ती करणारा ‘ओव्हरलोड झालंय’ एवढे दोन शब्द बोलला की पारडे एका बाजूला झुकते.

थोडे तांत्रिक बोलायला हवे. ड्रमचे बेअरिंग घासून आवाज येणे, रबराचे सील कडक होऊन पाणी झिरपणे, बेल्ट सैल होणे, मोटारीचे कार्बन ब्रश झिजणे ही झीज आहे. मशीन कोणीही वापरले तरी ती होणार. खिशातले नाणे किंवा ब्राचा हुक ड्रेन पंपात अडकणे, दार ओढून बिजागर मोडणे, सात किलोच्या ड्रममध्ये दोन रजया कोंबणे हा वापरणाऱ्याचा दोष. सर्किट बोर्ड जळणे मधल्या गटात येते. विजेच्या चढउताराने ते जळते, आणि त्याचा संबंध ना भाडेकरूशी ना मालकाशी. करारात सर्वाधिक स्पष्टता याच भागासाठी हवी.

पण पुण्याच्या पश्चिम आणि पूर्व टोकाला मशीनचा सगळ्यात मोठा शत्रू वेगळाच आहे : पाणी. वाकड, हिंजवडी, बाणेर, वाघोली या भागांतल्या कितीतरी सोसायट्या बोअरवेल आणि टँकरवर अवलंबून आहेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे. बोअरचे पाणी यातल्या वरच्या टोकाकडे झुकते, तेव्हा गिझरच्या आणि फ्रंट लोड मशीनच्या कॉइलवर क्षाराचा पांढरा थर चढतो. थर चढला की उष्णता पाण्यात नीट जात नाही, कॉइल स्वतःच तापते आणि जळते. गिझरच्या टाकीला गंजण्यापासून वाचवायला आत मॅग्नेशियमची कांडी बसवलेली असते. कठीण पाण्यात ती लवकर संपते आणि वेळेवर बदलली नाही तर टाकी गळू लागते.

ही कांडी बदलायची कोणी? ११ महिने राहणाऱ्याला ती असते हेच माहीत नसते. मालक दुबईत किंवा नाशिकला. तिसऱ्या भाडेकरूच्या वेळी टाकी फुटते आणि त्याच्या डिपॉझिटमधून नवा गिझर येतो. पहिल्या दोघांच्या काळात साठलेला क्षार कोणाच्याच हिशोबात नसतो. माझ्या मते पाण्यामुळे होणारा बिघाड हा सरळ झीज मानला पाहिजे. सोसायटीचे पाणी कसे आहे हे मालकाला आधीपासून माहीत असते, भाडेकरूला नाही.

जुन्या मशीनचे पैसे किती कापायचे?

समजा चूक खरोखर भाडेकरूचीच आहे. तरी नव्या मशीनची किंमत वसूल करणे न्याय्य नाही. २४ हजार रुपयांचे मशीन, आयुष्य आठ वर्षे धरू. ते सहाव्या वर्षाअखेर मोडले, तर त्याचे उरलेले मूल्य सहा हजार रुपये. जास्तीत जास्त तेवढेच कापता येईल. इंग्लंड आणि वेल्समध्ये डिपॉझिटचे वाद याच तत्त्वाने सुटतात, जुन्याच्या बदल्यात नवे मालकाला मिळत नाही. तिथे एप्रिल २००७ पासून अशा भाडेकरारांचे डिपॉझिट सरकारमान्य योजनेखाली सुरक्षित ठेवणे बंधनकारक आहे आणि वाद झाला तर त्रयस्थ निवाडा होतो.

आपल्याकडे डिपॉझिट मालकाच्या बँक खात्यात असते. ते परत मिळवायचे तर न्यायालयाची पायरी. मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याला बाहेर काढण्यासाठी मात्र मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे वेगळा, जलद मार्ग आहे आणि जास्त राहिलेल्या दिवसांसाठी दुप्पट रक्कम मागण्याचा हक्कही. आठ-दहा हजारांसाठी कोण दावा लावणार, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते आणि कपात तशीच पचून जाते.

मालकाची बाजूही आहे. भाड्याच्या उत्पन्नावर प्राप्तिकरात ३० टक्के प्रमाण वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च काहीही असो. म्हणजे नव्या मशीनचे बिल वेगळे दाखवता येत नाही. २५ हजारांच्या मशीनमुळे भाडे महिन्याला हजार रुपयांनी वाढले, तर पैसे वसूल व्हायला २५ महिने लागतात, आणि तोवर दोन-तीन कुटुंबे किंवा चार-चार मुलांचे दोन गट ते वापरून गेलेले असतात. त्यामुळे मालक स्वस्तातले मशीन बसवतो. त्यातून दुसरी गंमत होते : उपकरण मालक निवडतो, वीजबिल भाडेकरू भरतो. एसीच्या स्टार लेबलवर १,६०० तासांच्या वापरावर आधारलेली वर्षाची युनिटे छापलेली असतात. दोन एसींच्या लेबलांत २०० युनिटांचा फरक असेल आणि युनिटचा दर १० रुपये धरला, तर तेवढ्या वापरात वर्षाला दोन हजार रुपये भाडेकरूच्या खिशातून जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुना एसी बदलून मागायचा असेल तर हे मालकाच्या कानावर घालायला हरकत नाही. वॉशिंग मशीनवर आधीपासूनच १८ टक्के होता.

स्वतःचे मशीन आणावे का?

दर ११ महिन्यांनी घर बदलणार असाल तर विचार करून. फ्रंट लोड मशीन हलवताना ड्रम जखडून ठेवणारे ट्रान्झिट बोल्ट मागच्या बाजूने लावावे लागतात. ते बहुतेकांनी पहिल्याच दिवशी फेकून दिलेले असतात. बोल्टशिवाय टेम्पोत घातलेल्या मशीनचे सस्पेन्शन दोन शिफ्टिंगमध्ये ढिले पडते. रेंटोमोजो, फर्लेन्को यांसारख्या कंपन्यांकडून मशीन महिना भाड्याने मिळते आणि दुरुस्तीचा भाग त्यांच्या करारात लिहिलेला असतो. चार जण वाटून घेणार असतील तर हे परवडते. पावसाळ्यात जिथे कपडे वाळत घालायला दोरीसुद्धा पुरत नाही, तिथे निदान स्पिन करून देणारे मशीन हवेच. त्यामुळे ‘मावशींकडून धुऊन घेऊ’ हा पर्याय जून ते सप्टेंबर टिकत नाही.

करारात काय लिहून घ्यावे?

ऑनलाइन नोंदणी करताना फर्निचर आणि उपकरणांची यादी जोडता येते. तिथे ‘वॉशिंग मशीन – १’ एवढ्यावर थांबू नका. कंपनी, मॉडेल, खरेदीचे वर्ष, वॉरंटी किती उरली आणि आजची अवस्था लिहायला लावा. पाणी गळत असेल तर ‘गळते’ असे लिहा. खरेदीची पावती मालकाच्या नावावर असते, म्हणून वॉरंटीची तक्रार तोच नोंदवेल, हेही लिहा. त्यापुढे दोन-तीन ओळी पुरतात : झिजेची, क्षाराची आणि विजेच्या दाबाने झालेली दुरुस्ती मालकाची, वापरातल्या चुकीची भाडेकरूची, तीही वस्तूच्या वयानुसार उरलेल्या मूल्यापर्यंतच. पाचशे-हजार रुपयांपर्यंतची किरकोळ कामे भाडेकरूने करून टाकावीत, अशी मर्यादा घातली तर मालकही सहज तयार होतात. सात दिवसांत मालकाने मिस्त्री पाठवला नाही, तर भाडेकरूने अधिकृत सेवा केंद्राकडून काम करून घ्यायचे आणि बिल पुढच्या भाड्यातून वळते करायचे. कायदा हा हक्क उपकरणांसाठी देत नसला तरी दोघांच्या सहीने तो करारात आणता येतो.

चावी घेताना प्रत्येक उपकरण चालू करून व्हिडिओ काढा. मशीनचे एक पूर्ण चक्र, गिझरचे गरम पाणी, एसीचे दहा मिनिटे. तो त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. घर सोडताना हाच व्हिडिओ पुन्हा काढायचा, मालक किंवा त्याचा माणूस समोर असताना. कापलेल्या प्रत्येक रकमेचे जीएसटी क्रमांक असलेले बिल मागायचे आणि बिघडलेला सुटा भाग मिस्त्रीने नेला की मालकाकडेच ठेवला, तेही विचारायचे.